अठ्ठावीस फुटी नाव

घरातल्या दुरुस्तीच्या कामात माझा हात धरणारा माणूस अख्ख्या सेंट जॉन्स शहरात सापडायचा नाही! निदान तळघर रंगवायला घेईपर्यंत माझं तसं प्रामाणिक मत होतं.

झालं असं, की गेल्या हिवाळ्यात माझे सासरे अ‍ॅम्ब्रोज यांना न्यूमोनिया झाला. समुद्रकाठच्या पिंचर्स कोव्ह गावाच्या पार टोकाला त्यांचं घर. तिथं ते एकटे राहतात आणि वारा त्यांच्याकडे बिऱ्हाडालाच असतो. तेव्हापासून माझी बायको ड्यूल्सी हट्ट धरून बसली होती, की यंदाचा हिवाळा बाबांनी आपल्याकडेच काढायचा. पण सासरे ऐकतील तर शपथ!

"ज्याच्याकडे साधी होडी नाही, त्याच्या घरी जाऊन मी करू काय?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. मी बँकेत नोकरी करतो. त्यांच्या लेखी तोही एक आजारच.

"तू तळघरात त्यांची खोली तयार कर, बाबांचं मी बघते," ड्यूल्सी म्हणाली.

"महाल करतो महाल!" मी म्हणालो.

आता आमचं तळघर म्हणजे काँक्रीटच्या चार भिंती, आणि चारही बारमाही घामाघूम. तिथं ठेवलेल्या माझ्या लग्नातल्या बुटांना मिशा फुटल्या होत्या. त्यामुळे रंगाच्या दुकानात गेलो. तिथल्या मुलीनं पत्ते पिसल्यासारखी रंगांची कार्डं माझ्यापुढं टाकली.

"हे पहाटेचं धुकं, हे बंदरावरचं धुकं, हे दाट धुकं..."

"बाई गं, धुकं मला खिडकीतून फुकट मिळतं! तू ओल अडवणारा रंग दाखव."

"ओल भिंतीतून येते, की हवेतली भिंतीवर साचते?"

"ओल ती ओल!"

"असं कसं, काका? आधी भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून ठेवा. भिंतीकडच्या बाजूनं भिजला, तर पाणी बाहेरून येतंय. मग आधी छपराचं पाणी घरापासून लांब काढा, भिंत सुकू द्या आणि मग श्वास घेऊ देणारा रंग लावा."

"भिंत श्वास घेते? मग उद्या जेवायलाही मागेल!" असं म्हणून मी ऐटीत बाहेर पडलो. गाडीत बसल्यावर लक्षात आलं, की रंग घेतलाच नाही.

आता परत कुठल्या तोंडानं जायचं? मग विचार केला, होडीत पाणी येऊ न देण्यात ज्यांचा जन्म गेला, ते आपले सासरेच आहेत की! फक्त आपलं अज्ञान उघडं पडता कामा नये. म्हणून फोन करून सहज विचारतो आहे असं दाखवलं.

"बाबा, पाणी आत शिरू नये म्हणून कुठला रंग चांगला?"

पलीकडे म्हाताऱ्याचा आवाज एकदम भरून आला. "सिरिल! घेतलीस? शेवटी घेतलीस?"

"काय घेतली?"

"नाव रे! माणूस दुसऱ्या कशातलं पाणी अडवतो?"

मी खरं सांगणारच होतो, देवाशप्पथ! पण लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नव्हती. मी आपला कायम 'तो बँकवाला'. त्या 'सिरिल'नं मी विरघळलो.

"किती लांब आहे?"

मी तळघर डोळ्यांपुढं आणलं. "अठ्ठावीस फूट."

"अठ्ठावीस! लाकडी?"

"वरचं लाकडीच आहे. खालचं जरा... जड आहे."

"जड बरी, लाटेला भीत नाही! रंग विकत घेऊ नकोस, माझ्याकडचा पाठवतो. आणि ड्यूल्सीला सांग, यंदा मी येतोय. जावईबापूंची नाव बघायलाच हवी!"

ड्यूल्सी तर आनंदानं रडलीच. "कसं पटवलंस त्यांना?"

"माणूस ओळखावा लागतो," मी म्हणालो.

कोव्हहून शहरात येणाऱ्या गाडीतून हिरव्यागार रंगाचे डबे आले. ते बघून ड्यूल्सीच्या कपाळावर आठी पडली. "बाबांनी होडीचा रंग कशाला पाठवला? सिरिल, इथं कुठंतरी पाणी मुरतंय."

"अगं, जो रंग अटलांटिक समुद्र अडवतो, त्याच्यापुढं आपली ओल म्हणजे किस झाड की पत्ती!"

आणि खरंच, रंगवलेलं तळघर असं चकाकलं, की मी त्यात बघून भांग पाडला. तिकडे सासऱ्यांचा रोज फोन. नांगर आहे का? तिचं नाव काय ठेवलंस? "ड्यूल्सी," मी सांगून टाकलं. बुडत्याचा पाय खोलात!

मग पाऊस लागला. पहिल्या दिवशी भिंतीवर एक फोड आला. पुढं पुढं भिंती पावाच्या कणकेसारख्या फुगू लागल्या. एक फोड टाचणीनं फोडला, तर वाटीभर पाणी! मी त्याच्यावर पुन्हा रंग लावला. त्यानं फक्त फोडाला झिलई आली.

आणि शनिवारी सासरे आले. सोबत वल्ह्यांची जोडी, खारवलेल्या माशांचं पिंप, एक गंजका नांगर आणि 'ड्यूल्सी' असं सुबक कोरलेली लाकडी पाटी. पाटी त्यांनी स्वतः कोरली होती.

"बाबा, वल्ही कशाला?" ड्यूल्सीनं विचारलं.

"नावेला!"

"कुठल्या नावेला?"

दोघांनी माझ्याकडे बघितलं.

"खाली आहे," मी म्हणालो.

"खाली धक्क्यावर?"

"खाली... तळघरात."

सासरे जिना उतरले. चारी भिंतींवरून त्यांची नजर फिरली. मग त्यांनी सर्वांत मोठ्या फोडावर अंगठा दाबला. पिचकारी थेट माझ्या चष्म्यावर!

"अरे शहाण्या, नावेला रंग पाण्याच्या बाजूनं लावतात! तू पाणी भिंतीत कोंडलंस आणि वरून झाकण लावलंस!"

सगळं ओकून टाकलं मी. "बाबा, नाव नाही. कधीच नव्हती. तुम्हांला इतका आनंद झाला, की मला सांगवेना. माझ्यावर काय ते रागवा, पण परत जाऊ नका. गेल्या वेळी तुम्ही हॉस्पिटलात होता, तेव्हा मीही घाबरलो होतो हो."

सासरे पाटी मांडीवर घेऊन पायरीवर बसले. ड्यूल्सी माझ्याकडे बघत नव्हती. मला वाटलं, संपलं, आता म्हातारा पिशवी उचलणार.

तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. कोव्हमधला त्यांचा जुना सोबती एलाय! नावेची खबर ऐकायला अख्खं गाव त्याच्याभोवती जमलेलं. मी डोळे मिटून घेतले.

"हो रे एलाय, बघितली," सासरे म्हणाले. "अठ्ठावीस फूट, अगदी सांगितली तेवढी! वर दोन मजले आहेत, स्वयंपाकघर आहे... नाही नाही, समुद्रात नाही घातली. समुद्रच आत आलाय... परत? छे, आता कसला येतोय! पाणी उपसायला कुणी जाणतं माणूस नको? बँकवाल्याच्या भरवशावर सोडू की काय नाव?"

आता सासरे वर आमच्या पलंगावर झोपतात, ड्यूल्सी सोफ्यावर, आणि मी भिंती सुकेपर्यंत खाली, सासऱ्यांनी भिंतीवर ठोकलेल्या त्या पाटीच्या बरोबर खाली. अधूनमधून कुठंतरी टप् असा आवाज होतो आणि वरून लगेच खणखणीत हाक येते, "कप्तान! बादली!"

मी निमूट उठतो. आमच्या नावेवर बादली कप्तानच धरतो!