माशानकाकांची दोन पिस्तुलं

मुलीचं लग्न जमवायला पिस्तूल लागतं, असं बायकोने मला सांगितलं तेव्हा मी जमिनींच्या कचेरीतून नुकताच आलो होतो आणि माझा एकच बूट काढून झाला होता.

"धाक दाखवायला?" मी विचारलं.

"भिंतीवर लावायला," दारिंका म्हणाली. "रविवारी निकशिचहून नेदाचे होणारे सासरे येतायत. त्यांच्याकडे आजोबा, पणजोबा, सगळ्यांची पिस्तुलं टांगलेली आहेत. आपल्या भिंतीवर काय आहे? विम्याचं कॅलेंडर."

खरं होतं. आमच्या त्सेतिन्येत ज्याच्या भिंतीवर जुनं पिस्तूल नाही त्याला आजोबाच नव्हते, असं लोक धरून चालतात. (माझ्या आजोबांचं होतं. ते देऊन त्यांनी शेळी घेतली. शेळी काही भिंतीवर टांगता येत नाही.)

न्येगुशी गावच्या माशानकाकांकडे दोन उत्तम पिस्तुलं आहेत असं कचेरीत कळलं, म्हणून मी तिकडे गेलो. धुकं इतकं दाट होतं की घर सापडलं ते कुत्र्याच्या भुंकण्यावरून. दार गोस्पावाकाकूंनी उघडलं. डोक्यापासून पायापर्यंत काळे कपडे. आत भिंतीवर माशानकाकांचा मोठा फोटो होता. पांढऱ्या मिशा, काळी टोपी, भुवईवर वण, आणि नजर अशी की मी कुठेही बसलो तरी माझ्यावरच.

"काका?" मी विचारलं.

"वर गेला," काकू म्हणाल्या. "मागच्या आठवड्यात."

मी टोपी काढली. "फार वाईट झालं."

"वाईट कसलं? घर शांत झालं."

(दुःखात माणूस काहीही बोलतो.)

त्यांनी फडकं सोडून दोन पिस्तुलं टेबलावर ठेवली. दोन्ही सहा गोळ्यांची, बोकडाच्या तंगडीसारखी जड, मुठीचं हाड पिवळं पडलेलं. एक व्हिएन्नाचं, दुसरं हुबेहूब तसंच बेल्जियममध्ये केलेलं. कुठलं कोणतं, ते काकूंना ठाऊक नव्हतं.

"एकामुळे माणूस वाचला आणि एकामुळे मेला, असं तो म्हणायचा," त्या म्हणाल्या. "कुठल्यामुळे काय, ते मी विचारलं नाही. दोन्ही ने. नीट बघून एक ठेव, एक परत आण. त्या पैशांत मला गळकं छप्पर नीट करून घ्यायचंय."

मी दोन्ही घरी आणून शेजारी शेजारी टांगली, समोर खुर्ची टाकली आणि बघत बसलो. डावं मेलेल्या माणसाचं वाटे. मग उजवं वाटे. बघता बघता माझे डोळे दुखायला लागले, पण निवड होईना.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून आलो तर डावं पिस्तूल वळलेलं होतं. त्याची नळी थेट माझ्या खुर्चीकडे होती. खोलीत तंबाखूचा वास. आमच्याकडे कोणी ओढत नाही. मी खुर्चीवर हात ठेवला. ती गरम होती.

मी पिस्तूल सरळ केलं आणि खुर्ची खिडकीपाशी नेली. (भिऊन नाही. उजेडासाठी.) त्याच्या दुसऱ्या दिवशी आलो, तर नळी खिडकीकडे.

दारिंका औषधांच्या दुकानात कामाला जाते. दिवसभर घरात फक्त सासूबाई, शेगडीजवळ, गुडघ्यांवर घोंगडी. डोळ्यांनी अधू, पण जिभेने नव्हेत.

"आई," मी सहज विचारल्यासारखं केलं, "दुपारी घरात कुणी येतं का?"

"येतो ना एक म्हातारा. पांढऱ्या मिशांचा. टोपी काळी. पिस्तुलांशी बोलत बसतो."

"काय बोलतो?"

"म्हणतो, लेकरांनो, कुणाच्या घरात येऊन पडलात."

"तुम्ही त्याला विचारलं नाहीत, कोण म्हणून?"

"विचारलं. म्हणाला, वर होतो, राहवलं नाही म्हणून खाली आलो."

मी खाली बसलो. "आई, तो माणूस मेलाय."

सासूबाईंनी थोडा विचार केला. "तरीच," त्या म्हणाल्या. "रोज कॉफी पितो, पण कप स्वतः विसळून ठेवतो. जिवंत पुरुष कुठला विसळायला?"

दोन्ही पिस्तुलं लगेच परत करतो, असं मी दारिंकाला सांगितलं. "रविवार होईपर्यंत भिंत रिकामी राहणार नाही," ती म्हणाली. "भुताला म्हणावं, सोमवारी या."

रविवारी धुकं खिडकीच्या काचेला चिकटून होतं. नेदाचे होणारे सासरे यागोश आले. उंच, जाड, पर्वतासारखे. त्यांनी पिस्तुलांकडे पाहून मान डोलावली. दारिंकाचा चेहरा उजळला. मी धुरावर वाळवलेल्या मांसाचं ताट आणि राकियाची बाटली घेऊन स्वयंपाकघरातून निघालो, आणि दारातच थांबलो.

माझ्या खुर्चीत माशानकाका बसले होते.

मिशा, टोपी, वण. मांडीवर एक पिस्तूल, हातात फडकं. फोटोतलीच नजर, माझ्यावर रोखलेली.

"यागोशसाहेब," मी कुजबुजलो, "तुम्हाला तिथे कुणी दिसतंय का?"

यागोश ताटाकडे बघत होते. "कुठे?" ते म्हणाले. "कुणी नाही."

ताट माझ्या हातून सुटलं.

"ब्लागोटा," माशानकाका म्हणाले. आवाज विहिरीतून आल्यासारखा होता. "तुला कळतच नाही का रे? रोज वळवून दाखवतोय."

"काका, तुम्ही तर गेलात."

"गेलो होतो. परत आलो."

"वरून?"

"मग काय खालून? वर लोव्चेनच्या डोंगरावर बर्फ पडलं. मेंढ्या उतरवल्या. घरी येऊन बघतो तर बायकोने पिस्तुलं छपराच्या खर्चासाठी देऊन टाकलेली."

मेंढ्यांपर्यंत मी उभा होतो. नंतरचं मी जमिनीवरून ऐकलं.

"हे व्हिएन्नाचं," मांडीवरचं थोपटत ते म्हणाले. "याने माझे आजोबा वाचले. हे मी नेणार. ते डावं बेल्जियमचं. ऐन वेळी उडालं नाही, म्हणून माझे चुलत आजोबा गेले. दिसायला रुबाबदार, कामाला शून्य. ते तू ठेव. तुझ्या घरात शोभेल."

एवढ्यात यागोश उठले. मला ओलांडून (अक्षरशः, माझ्यावरून पाय टाकून) ते माशानकाकांपाशी गेले आणि वाकून त्यांच्या हाताचं चुंबन घेतलं.

"आजोबा," ते म्हणाले, "तुम्ही घरात आहात हे मला कुणी सांगितलंच नाही. इतका वेळ मी तुमच्याकडे पाठ करून बसलो होतो."

मी तोंड उघडलं. दारिंकाने माझ्या पायावर पाय ठेवला. माशानकाकांनी तिच्याकडे पाहिलं, शेगडीवरच्या कॉफीकडे पाहिलं, आणि मिशीवरून हात फिरवून म्हणाले, "बस, यागोश. मुलगी आमची सोन्यासारखी आहे."

लग्न तिथेच ठरलं. राकिया ओतली गेली. नेदा कप घेऊन आली तेव्हा यागोशनी तिला नीट न्याहाळलं, मग माशानकाकांना, आणि शेवटी अंगावर ताटातलं मांस घेऊन जमिनीवर बसलेल्या मला.

"देवाची कृपा," ते दारिंकाला हळूच म्हणाले. "मुलगी आजोबांवर गेली आहे."