हाड म्हणजे कुत्रा

दीड वर्षाची सई चुरूचुरू बोलायची, पण एकाही वस्तूचं नाव घेईल तर शपथ! तिच्या बापाला, केयूरला, याचा घोर लागला होता. गारखेड्यातल्या ज्या प्लेग्रुपमध्ये तिला घालायचं होतं, तिथं म्हणे चित्रं दाखवून नावं विचारत. शिवाय पोरीनं अजून एकदाही 'बाबा' म्हटलं नव्हतं, आणि हे दुखणं त्यानं कुणाला सांगितलंही नव्हतं.

"इंग्रजी बोलणारी मुलं आधी नामं शिकतात," मोबाइलवर वाचलेलं त्यानं बायकोला, स्वरदाला, ऐकवलं. "बॉल, डॉग, शू! आपल्या घरात नुसती क्रियापदं. आई दिवसभर तिच्यामागं पी, बस, ये, फेक!"

"मग काय वाटी धरून नुसतं 'दूध, दूध' म्हणत बसू?" मीनाक्षीआजी आतून ओरडल्या. "पोर पिणार कधी?"

तेवढ्यात सई चेंडू घेऊन आली. "थांब हं पिल्लू, कंपनीचा फोन आहे," म्हणत केयूर गॅलरीत गेला. चिकलठाण्यातली ती कंपनी त्याच्यावाचून तासभरही चालत नसे, असं निदान त्याला तरी वाटे.

मुलाखतीला प्लेग्रुपच्या रत्नमाला मॅडमनी सफरचंदाचं चित्र धरलं. "खा!" सई म्हणाली. खुर्ची दाखवली. "बस!" उभ्या असलेल्या मॅडम, का कोण जाणे, मुकाट्यानं बसल्या. मग कुत्र्याचं चित्र वर आलं आणि नेमका त्याच घटकेला शिपाई कडुबा चहाचा ट्रे घेऊन दारात उभा राहिला.

"हाड!" सई कडाडली.

कडुबा जागीच थबकला. "म्या काय केलं आता?"

"तुम्हाला नाही हो मामा, कुत्र्याला म्हणतेय," केयूर घाईनं म्हणाला.

"कुत्रं? कुठंय कुत्रं?" कडुबा टेबलाखाली वाकून बघत पुढं आला. सईला कप दिसले. घरात कप दिसला की पाठोपाठ जो शब्द कानावर पडे, तो तिनं ठणकावून सांगितला. "सांडलं!"

मॅडमनी दचकून साडी आवरली, कोपर ट्रेला लागलं आणि खरंच सांडलं! चित्रांच्या गठ्ठ्याला चहाची आंघोळ झाली. गेला प्रवेश, केयूरनं कपाळावर हात मारला. मॅडमनी एक चित्र झटकून पुसलं. बॅग घेतलेला एक माणूस होता. "हे कोण गं? आहेत ना तुझ्या घरी?"

सईनं टाळी वाजवली आणि केयूरकडे बोट केलं. "थांब!"

केयूर शेजारी बसलेल्या स्वरदाकडे झुकला. "हे कुणी शिकवलं हिला?" त्यानं हळूच विचारलं.

"आईंनी नाही," स्वरदा म्हणाली.

मॅडम मात्र हसत सुटल्या. "बाकीची मुलं नावं सांगून गप्प बसतात. हिनं मला बसवलं, चहा सांडायला लावला! सोमवारपासून पाठवा. नावं काय, येतील हळूहळू."

"पन आधी ते कुत्रं भाईर काढा," कडुबा म्हणाला.

फाटकाशी फोन वाजला. कंपनीच! केयूरचा हात सवयीनं खिशात गेला, पाय पुढं निघाले.

"थांब!" मागून आवाज आला.

ती हाक होती की हुकूम, कुणास ठाऊक. फोन वाजत राहिला. केयूर मागं फिरला आणि तिच्यापुढं उकिडवा बसला. "हं, बोल पिल्लू."

सईनं दोन्ही हात वर केले. "घे!"

पुन्हा क्रियापदच. केयूरनं तिला उचलून घेतलं.