काळनदीचे भूकरमापक

भाऊ शिवगणांनी पृथ्वीवर नसलेल्या एका राज्याची रीतसर मोजणी केली आहे. वर उत्तर दिशेचा बाण, बाजूला प्रमाण, खाली खुणांची सूची आणि कोपऱ्यात तारखेसकट सही. ‘काळनदी’ नावाची ती परदेशी मालिका. तिच्यात राण्या आहेत, गड आहेत, समुद्रातून उठून येणारी मिठाची फौज आहे, आणि ही सगळी मंडळी हिंदीत बोलतात. लोक बघतात आणि विसरतात. भाऊंनी मात्र एकेक भाग थांबवत, घोडा किती तास चालला, सावली कुठे पडली हे टिपत भिंतभर नकाशा काढला. तो गुंडाळून एक दिवस माझ्याकडे आले, कारण मी शाळेत भूगोल शिकवते.

“बाई, ह्यांची नदी चढावर वाहते,” ते म्हणाले. “दुसऱ्या भागात पूर्वेला जाते, पाचव्यात पश्चिमेला. तुमच्या भूगोलात बसतं हे?”

“भाऊ, ते सगळं खोटं आहे हो.”

“खोटं असलं तरी मोजून खोटं असावं.”

त्या दिवसापासून मी पण ती मालिका बघायला लागले. दुसरा इलाजच नव्हता. मांडवीत आमची घरं शेजारीशेजारी, मधे चिऱ्यांचा गडगा.

भाऊ जमीन मोजणीच्या खात्यात भूकरमापक होते. मंडणगडपासून नाटेपर्यंत असा गाव नसेल जिथे त्यांनी उन्हात उभं राहून दोन भावांच्या शिव्या खाल्ल्या नाहीत. “पणजोबांपासून आमची जमीन” असं कोणी सुरू केलं की भाऊ एकच वाक्य म्हणायचे, “आधी खूण दाखवा, मग बोला.” निवृत्त झाले तरी वाक्य निवृत्त झालं नाही. कोळीण म्हणाली सुरमई ताजी आहे, तर “आधी खूण दाखव” म्हणून कल्ला उचलून बघणार. डॉक्टर म्हणाले तुम्हाला साखर आहे, त्यांनाही तेच. शेजारी राहायला आले त्या पहिल्याच दिवशी यांनी गडगा मोजला आणि मला सांगितलं, “तुमची जास्वंद चार बोटं माझ्या हद्दीत आहे. फुलं काढा खुशाल. फक्त माहीत असू दे.” पंधरा वर्षं झाली, पण पूजेला फूल तोडताना मला अजून चोरटं वाटतं.

आता उदयबद्दल सांगायला हवं, नाहीतर हा माणूस नुसताच विक्षिप्त वाटेल.

उदय त्यांचा एकुलता एक मुलगा, माझा विद्यार्थी. मुंबईत नोकरीला. लांज्याकडे त्यांच्या मूळ गावी फणसाखाली एक तुकडा होता, तिथे घर बांधायचं उदयच्या फार मनात. चुलतभाऊ म्हणत होता, जागा माझी. कागद दोन्हीकडचे अर्धवट. हद्दीचा जुना दगड मातीत कुठे गडप झालाय, हे साऱ्या गावात एकट्या भाऊंना ठाऊक होतं. गप्प बसले असते तर कोणाला कळलंही नसतं. पण नाही. मोजणीच्या दिवशी स्वतः पहार घेऊन गेले, स्वतः खणलं, आणि दगड काढून दाखवला. फणस आणि फणसाखालची जागा चुलतभावाकडे गेली.

“भाऊ, तुम्हाला दगड दिसला,” उदय म्हणाला, “मी नाही दिसलो.” आणि तसाच एसटीत बसला. चार वर्षांत फोन नाही. वहिनी, उदयची आई, त्याआधीच गेलेल्या, मधे पडायला कोणी उरलं नव्हतं.

पुढचा उद्योग माझा. काळनदी बघणाऱ्या मराठी लोकांचा फोनवर एक ग्रुप आहे, त्यात मला उदयचं नाव दिसलं. मी भाऊंना सांगितलं. ते बराच वेळ गडग्यावरचं शेवाळ नखाने खरवडत राहिले. मग म्हणाले, “मला घाला त्यात. पण माझं नाव नको.”

नवा नंबर घेतला. नाव ठेवलं ‘गडाचा रहिवासी’. तेव्हापासून हा बाप आपल्या मुलाशी परका होऊन बोलू लागला. एकदा उदयने लिहिलं, पोट बिघडलंय, आजचा भाग उद्या बघेन. रहिवाशाने लगेच कळवलं, “ओवा खा, कोमट पाण्याबरोबर.” उदयचं उत्तर आलं, “थँक्यू काका.” ते ‘काका’ भाऊंनी मला तीन वेळा आणून दाखवलं. छान आहे म्हटलं.

मालिकेत थोराल नावाचा म्हातारा आहे, गडाच्या राखणदारांचा नाईक; दरवाजाची उघडझाप पाळीचे राखणदार करतात, हुकूम याचा. सूर्य बुडाला की दरवाजा उघडायचा नाही, हा गडाचा कायदा. एकदा त्याचा स्वतःचा मुलगा जखमी होऊन बाहेर हाका मारत राहिला, तरी याने दरवाजा उघडू दिला नाही. मुलगा वाचला, पण रानात निघून गेला. तो भाग झाला तेव्हा सगळा ग्रुप म्हाताऱ्यावर तुटून पडला. उदयने तीनच शब्द लिहिले, “असे बाप असतात.” दोन दिवस भाऊ गडग्याशी आले नाहीत.

तर अशा या मालिकेची शेवटची मोठी लढाई जवळ आली. रविवारी सकाळी साडेसातला येणार होती. आदल्या दिवशी उदयने लिहिलं, “उद्या लढाई झाली की सुटलो. मग हा ग्रुपही सोडणार.”

भाऊ मला म्हणाले, “बाई, लढाई लांबायला हवी.”

“ती आपल्या हातात आहे का?”

“गाऱ्हाणं घालतो.”

आणि घातलंन. रविवारी सकाळी आंघोळ करून, टीव्हीसमोर पाटावर नारळ ठेवून, हात जोडून. होळीत देवळापुढे गावकार घालतो तसं. मला म्हणाले, तुम्ही ‘व्हय म्हाराजा’ म्हणा, एकट्याचं गाऱ्हाणं पोचत नाही.

“बा देवा म्हाराजा,” भाऊंनी सुरू केलं, “आज काळनदीच्या काठाला जी फौज इलीय, ती गडावर न चढो रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” मी म्हटलं. एम.ए. बी.एड. झालेली बाई.

“दरवाजावरच्या म्हाताऱ्याक सांभाळ रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“आणि जो कोण लांब बसून बघतोय, तो मधेच उठून न जावो रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” मी म्हटलं आणि टीव्ही लावला.

लढाई सुरू झाली आणि पडदा काळा पडला. भाऊंनी टीव्हीच्या पाठीवर थापटी मारली. मग पंचाने पडदा पुसला. मी उजेड वाढवला, खिडक्या लावल्या, तरी काळंच. मधूनच एखादी तलवार चमके आणि कोणीतरी ओरडे. कोण मेलं ते कळायच्या आत पुढचा मरायचा. जी फौज अकरा दिवसांच्या वाटेवर होती, ती एका संध्याकाळात दरवाजाशी हजर. भाऊ नकाशाकडे बघत कण्हले. “अकरा दिवस, बाई. मी स्वतः मोजलेत.”

शेवटच्या पाच मिनिटांत थोराल दिसला. बाहेर त्याचा मुलगा उभा, मागे फौज. म्हाताऱ्याने दरवाजा उघडला, मुलाला आत ओढलं, आणि दरवाजा पुन्हा लावताना बाहेरच्या भाल्याने मेला. लगेच नावांची पाटी सुरू झाली.

ग्रुपवर नुसता शिमगा. “इतकी वर्षं वाट बघितली आणि शेवटी बॅटरी मारून बघायला लागलं.” “लिहिणाऱ्याला भरतीच्या वेळी खाडीत सोडा.” मंडणगडच्या एकाने लिहिलं, “आमच्याकडे नेट गेलेलं, पडद्यावर नुसतं चाक फिरत होतं. तरी तुमच्याइतकंच दिसलं.” एका बाईने आपण ऑफिसला दांडी मारून उद्या रडणार असल्याचं जाहीर केलं. आणि सगळ्यांचा राग थोरालवर. जन्मभर कायदा पाळणारा माणूस अर्ध्या मिनिटात बदलतो कसा?

मग उदयचं आलं. “खोटं आहे. असला माणूस दरवाजा उघडत नाही. कधीच नाही. चला, आपण संपवलं.”

भाऊंनी ते वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. मला वाटलं, झालं, आता हा माणूस आडवा पडणार. पण त्यांनी मोजणीची वही उघडली, चष्मा परत लावला आणि एका बोटाने लिहायला बसले. अर्धा तास लागला.

“म्हाताऱ्याच्या खोपटापासून दरवाजापर्यंत चाळीस पावलं. मुलगा गेल्यानंतरच्या प्रत्येक भागात बघा, खोपट ते दरवाजा गवतात पायवाट पडलेली आहे. आधी नव्हती. दरवाजा पाळीच्या राखणदाराने लावायचा, ह्याला रात्री तिकडे जायचं कारण नाही. म्हणजे तो रोज रात्री जात होता आणि न उघडता परत येत होता. आधी खूण बघा, मग बोला.”

पाठवल्यावर ते शेवटचं वाक्य माझ्या लक्षात आलं. भाऊंच्या आलं नाही.

पायवाट खरंच होती. दोघातिघांनी जुने भाग काढून बघितले आणि तसं लिहिलं. उदयच्या नावापुढे ‘लिहीत आहे’ असं येई आणि जाई. बारा वाजून गेले होते. मग आलं.

“भाऊ, जेवलात का?”

भाऊंनी फोन माझ्यापुढे धरला. “ह्याला कसं कळलं, बाई?”

“ते राहू दे. उत्तर द्या. हो म्हणा.”

“न जेवता हो कसं लिहू?”

“मग नाही लिहा.”

“नाही लिहिलं तर त्याला लागेल. बाप उपाशी बसलाय म्हणून.” ते उठले. “पिठी टाकतो. भात आहे सकाळचा. दोन घास खातो नि लिहितो. फोन धरा जरा.”

आणि गेले की स्वयंपाकघरात. मी तिथूनच ओरडले, भाऊ, तो थांबलाय. “फोडणी झाली,” आतून उत्तर. मी फोन घेऊन आत गेले, तर हा माणूस कुळथाची पिठी ढवळतोय. आणि हातावर पाणी घेऊन जेवायला बसतोय. माझ्या हातात फोन होता, मला दोन अक्षरं लिहिता आली असती. नाही लिहिली. त्याचा मला अजून राग येतो.

अर्ध्या तासाने स्क्रीनवर उदयचं आलं, “बरं.” त्याच्याखाली, उदयने ग्रुप सोडला.

भाऊ हात धुऊन, पुसून आले. मी फोन पुढे धरला. त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग बसले आणि एका बोटाने लिहिलं, “होय. जेवलो. पिठी-भात.”

“तो नाही आता तिथे, भाऊ. सरळ फोन करा त्याला.”

“त्याने फोन केलान नाही. लिहिलंन. मी फोन केला नि उचललान नाही, तर पुढे काय करू?” मग म्हणाले, “विचारलंन जिथे, उत्तर तिथे.”

मंडणगडवाल्याने लगेच लिहिलं, “बरं झालं काका. लोणचं होतं का?”

आता काळनदी संपून महिने झाले. बाकी सगळे दुसऱ्या मालिकांकडे गेले. ग्रुपवर रोज दुपारी साडेबाराला एकच ओळ येते. जेवलो, आमटी-भात. जेवलो, बांगडा होता. आज उपास. मंडणगडवाला नेमाने अंगठ्याचं चित्र पाठवतो.

मी रोज त्या ओळीचा फोटो उदयला पाठवते. भाऊंना हे ठाऊक नव्हतं. उत्तर एकदाही आलं नाही, पण फोटो गेला की पाच मिनिटांत त्याच्याखाली दोन निळ्या खुणा उमटतात, एक दिवस चुकलेला नाही. परवा न राहवून मी फोन गडग्यावर ठेवला आणि भाऊंना त्या दाखवल्या.

त्यांनी चष्मा लावून पहिल्या दिवसापासूनचे सगळे फोटो एकेक करून पाहिले, वेळेसकट.

“उद्यापासून बारालाच जेवतो,” शेवटी म्हणाले. “माझं वाचेपर्यंत तो जेवत नसेल. त्याची जेवायची सुट्टी एकला संपते.”