खंय लिहायचं राहिलं

त्या दिवशी कावेरी रजेवर होती, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

कणकवलीतल्या हरिश्चंद्रभाऊंच्या वधू-वर केंद्रात शौनक आणि कावेरी दोघं कॉम्प्युटर सांभाळायची. शौनकला कावेरी आवडायची, हे केंद्रातल्या पंख्यालासुद्धा ठाऊक होतं. सांगायचं राहिलं होतं ते फक्त कावेरीला. दिवसभर दुसऱ्यांची लग्नं जुळवणाऱ्या या गृहस्थाची स्वतःच्या बाबतीत मात्र दातखीळ बसायची.

डेटाबेसमध्ये काही बदलायचं तर हुकूम लिहावा लागतो, आणि तो कुठल्या स्थळासाठी आहे ते शेवटी ‘व्हेअर’ घालून सांगावं लागतं. ते राहिलं तर कॉम्प्युटर विचारत बसत नाही, सरसकट सगळ्यांचं करून मोकळा होतो. शौनक नेमकं तेच विसरायचा. म्हणून त्याने एंटर दाबायच्या आधी कावेरी शेजारून त्या ‘व्हेअर’चं मालवणी करून विचारायची, “खंय?” तो स्थळाचं नाव वाचून दाखवायचा. मग ती म्हणायची, “दाब.”

आज तिला बघायला नांदगावची मंडळी येणार होती. स्थळ खुद्द भाऊंनी केंद्रातूनच काढलेलं. इकडे शौनकला कुणकेश्वरच्या सलोनीचं लग्न ठरल्याची नोंद करायची होती, तेवढंच काम. त्याने ‘लग्न ठरले’ असं लिहिलं. डोळ्यांसमोर नांदगावची मंडळी पोहे खात होती. शेजारून विचारायला कोणी नव्हतं. त्याने दाबलं.

मग त्याने पडद्यावरचं उत्तर वाचलं. केंद्रातल्या झाडून सगळ्या स्थळांची लग्नं ठरली होती. आणि लग्न ठरलं की मेसेज आपोआप जायचे: स्थळाला अभिनंदनाचा, मागणी घातलेल्यांना ‘हे स्थळ आता उपलब्ध नाही’ असा.

पहिला फोन फोंड्याच्या एका बाईंचा. मंगेशचं एकदाचं ठरलं म्हणून त्यांनी देवापुढे साखर ठेवली होती, आता सून कोण तेवढं सांगा म्हणाल्या. मागोमाग खुद्द मंगेशचा, दबक्या आवाजात: नकार द्यायला अजून वेळ आहे का? मग सर्वेशचा. त्याचं एका ठिकाणी जुळत आलं होतं, आणि होणाऱ्या सासऱ्याला ‘उपलब्ध नाही’ गेलं होतं. सासरा केंद्राकडे निघाला होता, गाडीत दांडका टाकून.

भाऊ शौनकच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

“शौनका, तो सासरो येयसर सगळा होता तसा कर. नायतर उद्यापासून तू येव नको.”

होतं तसं करायला कालची प्रत होती. प्रत पेनड्राइव्हवर, आणि पेनड्राइव्ह कावेरीच्या पर्समध्ये. या घटकेला तिला फोन करायचा कसा? शौनकने मोबाइल उचलला आणि मग कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. झाडून सगळी स्थळं म्हणजे कावेरीसुद्धा. आणि तिला मागणी घातलेले म्हणजे नांदगावचे. तेवढ्यात तिचाच फोन आला.

“शौनका, खंय लिवलंस नाय मा?”

“नाय.”

मुलाच्या आईच्या हातात पोह्यांची बशी असतानाच मेसेज आला म्हणे. तिने चष्मा लावून तो सगळ्यांना वाचून दाखवला. ठरलेली मुलगी दाखवायला बोलावता काय, म्हणत मंडळी चहा न घेताच उठून गेली. कावेरीचे वडील तेव्हापासून अंगणात येरझाऱ्या घालत होते.

“घरात सगळे इचारतत, माजा लगीन कोणावांगडा ठरला. मी काय सांगू?”

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. भाऊ दाराला कडी घालायला धावले. चूक माझी, माफी मागतो, पेनड्राइव्ह तेवढा पाठव, असं शौनकने म्हणायला हवं होतं. तसं तो मनात जुळवतही होता.

“माज्यावांगडा ठरला म्हणान सांग,” तो म्हणाला.

इकडे दारावर थापा पडू लागल्या. मग रोजच्या ऑफिसातल्या आवाजात कावेरीने विचारलं, “खंय?”

आधी त्याला कळलंच नाही. कळलं तेव्हा सासरा, दांडका, नोकरी, सगळं विसरून त्याने ठिकाणाचं नाव नीट उच्चारून सांगितलं.

“कुणकेश्वराक. देवळात.”

“मगे दाब,” कावेरी म्हणाली.