हात खिशात ठेवा, नाना देवस्थळी आले

ज्या माणसाचं माझ्यावर सर्वांत जास्त ऋण आहे, त्यांचं नाव नारायण गणेश देवस्थळी. स्टुटगार्टमधले आम्ही मराठी विद्यार्थी त्यांना नाना म्हणत असू. नाना बिघडलेली इंजिनं तपासणाऱ्या एका संस्थेत इंजिनिअर होते, आणि कुणी इंजिन सुरू केलेलं त्यांना मुळीच खपत नसे.

"सुरू करून बघू या" हे वाक्य त्यांच्यापुढे उच्चारणाऱ्याची धडगत नव्हती. बंद इंजिनाजवळ गेलं, की पहिला हुकूम सुटायचा, "हात खिशात!" मग समोर विद्यार्थी असो, फोरमन असो, नाहीतर संस्थेचे प्रोफेसर असोत. प्रोफेसरसाहेब हसत हसत हात खिशात घालायचे, पण घालायचे. "अरे, माणूस मेला तर आपण त्याला गदागदा हलवून विचारतो का, उठतोस का म्हणून?" नाना म्हणत. "आधी चौकशी. हात नंतर."

त्यांची चौकशीही जगावेगळी. इंजिन बंद पडताना ज्याने ऐकलं असेल, त्याला ते आवाज तोंडाने काढून दाखवायला लावत. नुसतं "खडखडलं" म्हटलेलं चालत नसे. त्यांची घरमालकीण फ्राऊ केसलर ही जाडजूड, करारी विधवा. तिचं कॉफी दळायचं यंत्र एकदा अडकलं. नानांनी तिला ॲप्रनच्या खिशात हात घालून स्वयंपाकघराच्या मधोमध उभं केलं आणि यंत्राचा शेवटचा आवाज काढायला लावला. बाईंनी आधी नाक मुरडलं. मग डोळे मिटून असा काही 'घर्र-घर्र-कीऽऽच' काढला, की शेजारच्या ब्लॉकमधलं कुत्रं भुंकायला लागलं. "गेनाऊ!" नाना आनंदाने ओरडले. 'अगदी बरोबर' या अर्थाचा हा जर्मन शब्द त्यांच्या मराठीत मिठासारखा पडलेला असे. यंत्रात खडा निघाला. बाई त्या दिवसापासून त्यांना 'हेर डॉक्टर' म्हणू लागल्या.

मी पाचोऱ्याचा. वडील जिनिंगमध्ये गासड्या उचलत. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मीच पहिला. स्टुटगार्टला आलो तेव्हा मला जर्मन येत नव्हतं आणि ते येत नाही हे सांगायचीही लाज वाटे. पहिल्या परीक्षेत नापास झालो, तेव्हा नाना प्रोफेसरांकडे गेले आणि म्हणाले, "पोरगं बिघडलेलं नाही, थंड आहे. गरम व्हायला वेळ द्या." मला वेळ मिळाला. नाना मात्र मला कधी नावाने हाक मारत नसत. "ए पाचोरा, पाना दे. तो नव्हे रे, डोळे पाचोऱ्यात ठेवून आलास का?"

साठचं दशक सरत आलं होतं. एका हिवाळ्यात ब्लॅक फॉरेस्टमधल्या एका खेड्याचे महापौर संस्थेत आले. त्यांच्या गावाच्या वर डोंगरात काही एकेकटी शेतघरं होती. बर्फ पडलं की तिथला रस्ता बंद. म्हणून गावाने वर्गणी काढून कॅनडातून एक मोटरश्लिटेन आणला होता. पुढे दोन पट्ट्या, मागे फिरणारा रबरी पट्टा, वर मोटरसायकलसारखी बैठक, अशी ती बर्फावरची गाडी. तिच्यामागे आजाऱ्याला झोपवून आणायची एक लांबट घसरगाडी जोडलेली असे. गाडी चालवायचा तो आलोइस, गावचा सुतार. त्याच्यासोबतच राहणाऱ्या थोरल्या भावाचा, आंटनचा, वरच्या एका घरी लाकडं तोडताना पाय मोडला. आलोइस त्याला खाली आणत असताना एका वळणावर सगळंच उलटलं. आंटन खाली सापडला आणि तिथेच गेला.

"आलोइस तेव्हापासून गाडीला हात लावत नाही," महापौर म्हणाले. "दुसऱ्या कुणाला त्या उतारावर चालवता येत नाही. वर म्हातारी माणसं आहेत, हेर इंजेनिअर. हिवाळा अजून निम्मा बाकी आहे." मग जरा घुटमळून म्हणाले, "इंजिन जाम आहे. सुरू करायची दोरी हलत नाही. ते आधी जाम झालं आणि त्यामुळे गाडी उलटली, असं जर तुम्ही लिहून दिलंत, तर तो पुन्हा चालवेल."

"लिहायला माझी हरकत नाही," नाना म्हणाले. "पण आधी ते पिस्टनवर लिहिलेलं असलं पाहिजे."

आम्ही त्या गावी गेलो. अग्निशामक दलाच्या शेडमध्ये गाडी उभी होती. हँडल वाकलेलं, पुढचं झाकण चेपलेलं, पंख्याच्या जाळीत पाइनची पानं अडकलेली. बचाव पथकातली सात-आठ धिप्पाड माणसं भोवती जमली होती. नानांनी मफलर सोडला आणि ते त्यांच्या त्या जर्मनमध्ये गरजले, "हात खिशात!" सगळ्यांनी घातले. त्या गर्दीत मागे दाराशी एक जण उभा होता, त्याचे हात आधीपासूनच खिशात होते. तो आलोइस.

"कुठल्या कुशीवर पडली होती?" नानांनी विचारलं. पूर्ण उलटी, पट्टा वर, असं उत्तर आलं. "सरळ कुणी केली? आणि सरळ केल्यावर पहिलं काय केलंत?"

माणसं एकमेकांकडे पाहू लागली. शेवटी पाववाला हान्स पुढे झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आणि त्याच्या मेव्हण्याने गाडी सरळ केली होती आणि चालू होते का बघायला दोघांनी मिळून दोरी ओढली होती.

"आवाज?"

हान्स लाजला. मेव्हण्याने त्याला कोपराने ढोसलं. मग त्याने गाल फुगवून 'पुफ्' केलं, आणि मेव्हण्याने लगेच 'ठक्'.

"पुन्हा!"

"पुफ्-ठक्!" दोघं एकदम म्हणाले. मागून कुणीतरी "नाही, आधी दोनदा काहीच नव्हतं, मग पुफ्" अशी दुरुस्ती केली, आणि क्षणभर ती शेड नाटकाच्या तालमीसारखी दिसली. कुणी तरी हसलं. मग सगळ्यांना आलोइसची आठवण झाली आणि ते हसू तिथेच विझलं.

नानांनी दोन्ही स्पार्क प्लग काढायला सांगितले. मी दुसरा काढला, तसं त्या भोकातून पेट्रोल घळघळ माझ्या बुटांवर आलं. आता दोरी हलली. नानांनी दोन्ही भोकांतून तार घालून पिस्टन किती वर येतो ते मोजलं. पहिला पुरता वर येत होता, दुसरा थोडा खाली राहत होता. मला तेवढ्यावरून कळलं. उलट्या गाडीतलं पेट्रोल रात्रभर पाझरून दुसऱ्या सिलिंडरमध्ये साठलं होतं. हवा दाबली जाते, पेट्रोल दाबलं जात नाही. दोरी ओढल्यावर पहिला सिलिंडर पेटला, 'पुफ्'. त्याने दुसऱ्याला पेट्रोलावर आपटलं, 'ठक्', आणि पिस्टनचा दांडा वाकला. म्हणजे इंजिन जाम झालं ते दुसऱ्या दिवशी, हान्सच्या हातून. सिलिंडर उघडले तेव्हा दोन्ही पिस्टनच्या कडा स्वच्छ होत्या. तापून अडकलेल्या पिस्टनवर खोल ओरखडे उठतात. इथे एकही नव्हता.

महापौरांनी ते पिस्टन हातात घेऊन कितीतरी वेळ उलटेसुलटे केले, जणू ओरखडा शोधून मिळेल.

मला वाटलं, नाना आता थांबतील. पण ते दाराशी गेले आणि आलोइसला म्हणाले, "तुमचा आवाज राहिला."

मला त्यांचा राग आला. मी मराठीत पुटपुटलो, "नाना, राहू द्या ना. पिस्टनवर दिसतंय सगळं."

"तू गप रे. त्याला कुणी विचारलेलं नाही. सगळे त्याला टाळताहेत."

आलोइस दारापासून दोन पावलं पुढे आला. मग त्याने घशातून एक सारखा, जाड आवाज काढला. इंजिन उतरणीला चालतं तसा. मग तो एकदम चढला, किंचाळल्यासारखा. पट्टा हवेत मोकळा फिरू लागला होता. तो आवाज त्याने थांबवलाच नाही, चेहरा लाल झाला तरी. मग घशात गुडगुड केली आणि गप्प झाला.

"तेवढा वेळ ते ओरडत होतं," तो म्हणाला. "त्याच्या खालून आंटन. मला वाटलं, तेही इंजिनच. बंद पडलं तेव्हा तोही थांबला होता."

 नाना 'गेनाऊ' म्हणाले नाहीत.

"म्हणजे इंजिन ठीक होतं," आलोइस म्हणाला. "म्हणजे मीच."

"गाडी उलटेपर्यंत इंजिन बंद पडलं नव्हतं, एवढंच इंजिन सांगतं," नाना म्हणाले. "बर्फाखाली काय होतं, ते त्याला माहीत नाही. मलाही नाही. जे माहीत नाही ते मी लिहीत नाही. तुम्हीही लिहू नका."

इंजिन आम्ही स्टुटगार्टला नेलं. नवा दांडा, नवी बेअरिंगं बसवली. क्रँकशाफ्ट हा फिरता दंड सुटा करून पुन्हा जुळवला. उलटताना इंजिनाच्या बाहेरच्या कवचाला तडा गेलाय का, ते नानांनी भिंगातून बोटभर जागाही न सोडता पाहिलं. मग आम्ही ते परत नेऊन बसवलं, आणि पहिली दोरी ओढायला नानांनी मला सांगितलं. मी दचकून हात खिशातच ठेवले. "ओढ रे पाचोरा, आता ते बरं झालंय."

इंजिन चालू झालं. कुणीही पुढे येईना. आलोइस भिंतीला टेकून उभा. महापौरांनी पथकाकडे पाहिलं. मागच्या घसरगाडीत आता कुणीच झोपणार नव्हतं, आणि ते सगळ्यांना कळत होतं, आलोइसला तर जास्तच.

स्टुटगार्टच्या ट्राममध्येही दांडा घट्ट धरून डोळे मिटणारे नाना, ओव्हरकोट सावरत घसरगाडीजवळ गेले. आधी बसले. मग आडवे झाले. चष्मा काढून माझ्याकडे दिला. "तर मग," ते आभाळाकडे बघत जर्मनमध्ये म्हणाले, "चढावर इंजिन कसं ओढतं ते मला आतून ऐकायचंय. हेर आलोइस, चला."

"नाना, वेडे झालात का?"

"हात खिशात!"

आलोइस आला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. त्याने घोंगडी नानांच्या पायाखालून घेतली, छातीपर्यंत गुंडाळली, मानेशी खोचली, पट्टे आवळले, मग एक पट्टा सैल करून विचारलं, "लागतोय?" नानांनी मान हलवली. गाडी हळूहळू झाडांमध्ये गेली. आम्ही सगळे तिचा आवाज ऐकत उभे राहिलो, अर्धा-पाऊण तास. ती परत आली तेव्हा नानांच्या भुवयांवर बर्फ होतं, आणि आलोइस रडत होता, पण हँडल सरळ धरून.

परतीच्या गाडीत नाना खिडकीबाहेर बघत होते. मी विचारलं, "आतून काय ऐकू आलं?"

"काही नाही रे. भीतीने कान बंद झाले होते." मग मफलर सावरत म्हणाले, "जर्मनीत आल्यापासून कुणी माझ्या अंगावर पांघरूण घातलं नव्हतं. आज घातलं."

पुढच्या वर्षी नानांची बदली लुडविग्सहाफेनला झाली. मी त्यांना लिहिलेलं पत्र असं:

तीर्थरूप नाना यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

माझा डिप्लोम झाला. वडिलांना तार केली. तुम्हाला तारेत सांगता येणार नाही, म्हणून हे पत्र.

परवा आलोइसच्या गावी जाऊन आलो. इंजिन उत्तम आहे. या हिवाळ्यात त्याने वरून तीन माणसं आणली, त्यातली एक म्हातारी न्युमोनियाने दवाखान्यात वारली, पण खाली सुखरूप पोचली होती. त्या वळणावर मात्र तो अजून उतरतो आणि गाडीच्या बाजूने पायी चालत, अंगठ्याने थोडं थोडं पेट्रोल देत ती खाली नेतो. लोक थांबून राहतात. घाई कुणी करत नाही.

त्याच्याकडे आंटनची खोली रिकामी आहे. नाताळात तुम्ही तिथे राहायला यावं, असं त्याचं म्हणणं आहे. तो जास्त बोलत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. मला वाटतं, तुम्हालाही त्याची अडचण होणार नाही. तुम्ही नाही म्हणाल, हे ठाऊक असल्यामुळे मी तुम्हाला न विचारता होकार देऊन टाकला आहे. तो स्टेशनवर उभा राहील.

आपला,
पाचोरा