अकरा घरांची समता

झुंबरच्या घरात माणसे पाच, पितळी हंडा एक, डाव्या पायाने लंगडणारी कोंबडी एक आणि पत्र्याच्या डब्यात नागली सहा किलो दोनशे ग्रॅम. रंगनाथने काट्यावर दोनदा तोलून आकडा लिहिला.

१९७९चा मे महिना होता. रंगनाथ नाशिकच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचा. सतरा देशांतली विषमता मोजणाऱ्या मोठ्या संशोधनात सुरगाण्याकडचा हा अकरा घरांचा पाडा त्याच्या वाट्याला आला होता. तालुक्याच्या साहेबांनीही त्याचीच यादी मागितली होती. ज्या घरात पाच किलोंहून कमी धान्य, त्याला पावसाळाभर फुकट धान्य मिळणार होते. हे मात्र त्याने पाड्यात कुणाला सांगितले नव्हते. सांगितले की लोक धान्य लपवतात, असे तो वर्गात शिकवत आला होता.

दुसऱ्या घरात हंडा एक, नागली सहा किलो दोनशे. तिसऱ्यात तेच, चौथ्यात तेच. रंगनाथ हरखला. जगात कुठे न सापडलेली समता या डोंगरात सापडली होती! पाचव्या घरात कोंबडी धापा टाकत होती. तीही डाव्या पायानेच लंगडत होती आणि शेजारी घामेजलेला झुंबर उभा होता.

“झुंबर, ही कोंबडी कुणाची?”

“आज समद्यांची, सायेब.”

“आणि डबा?”

“त्यो म्हातारीचा, कुसाबाईचा. पाहुणा काटा घेऊन दारात आला, त्याला रिकामं घर दाखवायचं व्हय? सकाळधरनं मागल्या दारानं फिरवतोय. पार कंबर मोडली माझी!”

रंगनाथने कपाळाला हात लावला आणि यादीचे सांगून टाकले. झुंबर हसला. “आधी सांगायचं ना! रिकामं दाखवायला आमाला काय येळ लागतो?”

पुन्हा पहिल्यापासून मोजणी झाली. कुठे दोन किलो, कुठे ओंजळभर. दहा घरे यादीत बसली. राहिली कुसाबाई. डबा तिचा, नागली तिची. पाड्यातली सगळ्यांत श्रीमंत बाई तीच ठरली.

“हे बियाणं हाय, दादा,” ती म्हणाली. “माझा म्हातारा उपाशी गेला, पण ह्याला हात लावू दिला नाय त्यानं.”

तक्त्यात बियाण्याला रकाना नव्हता. रंगनाथ हळूच म्हणाला, “मावशी, मी चार किलो लिहितो.”

“नको. दिसभर लय खोटं दाखवलं तुला. आता खरंच लिव.”

तिने जाते पुढे ओढले आणि डबा कलता केला. झुंबरच्या बायकोने चूल पेटवली. पाडा भोवती बसला, पण आता कुणी हसत नव्हते. घरटी एकेक आणि पाहुण्याची एक अशा भाकरी झाल्या. पहिली पाहुण्याच्या हातावर पडली. ती त्याला नाकारता आली नाही. कुसाबाईने स्वतःची तशीच ठेवली आणि डबा त्याच्यापुढे सरकवला.

रंगनाथने तो काट्याला लटकवला, पत्र्याचे वजन वजा केले. नागली भरली चार किलो नऊशे ग्रॅम.