दाजींचं लोखंडी गाणं

आमचे दाजी मांडवात स्पीकर लावले की "हॅलो, माईक टेस्टिंग" म्हणत नाहीत. ते एक गाणं लावतात. परदेशातलं, लढाईच्या विरोधातलं, मेटल प्रकारातलं. मेटल म्हणजे धातू, एवढं त्यांना कुणीतरी सांगितलं, तेव्हापासून त्यांच्यासाठी ते लोखंडी गाणं. जवळा बाजारच्या आसपास साखरपुडा असो, बारसं असो, नाहीतर सरपंचाचा सत्कार, आधी पत्र्यावरून साखळदंड ओढल्यासारखा आवाज येतो आणि मग एक माणूस जीव तोडून ओरडतो. नवे पाहुणे दचकून उठतात. गावचे लोक त्यांना हाताला धरून बसवतात. "काही न्हाई, बसा. उत्तमरावचे बॉक्स बराबर हायेत, एवढंच."

उत्तमराव म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. मंडप आणि साउंडचा त्यांचा धंदा. मी हट्ट्याला शाळेत शिकवतो आणि दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला जातो. जेवायला म्हणजे खरं तर ऐकायला.

फार वर्षांपूर्वी त्यांनी हिंगोलीतून एक जुना टेप विकत आणला. त्यात कुणाची तरी कॅसेट अडकलेली होती. ती निघेना, म्हणून त्यांनी ती वाजवली. मग कुणाकुणाला गाठून अर्थ विचारला, पुढे मोबाइल आल्यावर सगळा इतिहास खणून काढला. गाणं कारखान्याच्या गावातल्या चार पोरांचं. त्यातल्या गाणाऱ्याचा थोरला भाऊ लढाईवरून परत आला, तो भांडं पडलं तरी पलंगाखाली जायचा. काय झालं ते त्यानं मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. दाजी हे सगळं रंगवून सांगतात आणि शेवट ठरलेला असतो: "थोरल्याला बोलता येईना, म्हणून धाकट्यानं बोंब मारली."

नरसीकडच्या एका लग्नात नवरदेवाचा मामा तणतणत आला. हे काय लावून राहिले तुमी, लग्न हाय का मयत? दाजींनी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला आणि थोरल्या भावाची गोष्ट सांगितली. मामा रडायला लागला. मामाशिवाय लग्न पुढं सरकेना, तेव्हा नवरीचा बाप तणतणत आला. दाजींनी दुसरी खुर्ची मागवली.

हे गाणं पुढे जगभर लोकांनी आपापल्या परीनं गायलं. दाजींनी ती सगळी गाणी गोळा केली आहेत. चर्चमधल्या लेकरांचं, बस स्टँडवर पेटी वाजवणाऱ्या एका म्हाताऱ्याचं, ईशान्येकडच्या चार पोरींचं. एका बाईनं तर ते अंगाईसारखं म्हटलंय. प्रत्येकावर दाजींचा निकाल तयार असतो. "गळा चांगला हाय, पण पोरगं भ्यालं न्हाई." हे गाणं भ्यालेल्या माणसानंच म्हणावं, असं त्यांचं म्हणणं. पेटीवाला म्हातारा त्यांना पसंत आहे. तो बराबर भ्याला होता म्हणे.

अशा माणसाचा पोरगा फौजेत गेला. आनंद, माझा भाचा. दाजींनी अडवलं नाही. फक्त त्या दिवशी त्यांनी स्पीकर न तपासताच लावले, आणि एका बॉक्सनं भर सभेत शिट्टी मारली.

आता मी जे सांगतोय ते कुणाला सांगितलं नव्हतं. आनंदला सरहद्दीवर उंचावरच्या एका चौकीत पाठवलं, तेव्हा त्याचा मला फोन आला. "मामा, घरी मी गोदामात हाय म्हणून सांगितलंय. रेशनच्या. पप्पाला काही बोलू नका, तुमाला माझी शपथ." मी बरं म्हणालो. मी कमी बोलणारा माणूस. कमी बोलणाऱ्याचं खोटं लोकांना लवकर पटतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

मग रविवारच्या जेवणात ते गोदाम वाढायला लागलं. दाजी म्हणायचे, तूरडाळ आलीय म्हणं, पोरगं पोती मोजून राहिलं. मी म्हणायचो, हो, साखरही आलीय. साखर? बरं, दाजी म्हणायचे, पण उंदीर लई हायेत म्हणं. मग मी मांजराचा विषय काढायचो. आक्का भाकरी वाढत असायची. आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघायची आणि आत जायची.

आणि मग सरहद्दीवर तणाव वाढला. टीव्हीवाले बातम्यांत भोंगे वाजवायला लागले. आनंदचा फोन लागेना. दाजींनी टीव्हीची वायर काढून ठेवली आणि म्हणाले, गोदामात रेंज नसती. मी म्हणालो, पत्र्याचं असेल. आक्कानं आपला मोबाइल चुलीजवळ पिठाच्या डब्यावर नेऊन ठेवला.

वर्गात फळ्याकडे वळलो की मला पुढचं सुचायचं नाही. उद्या फौजेची गाडी दारात आली, तर या माणसाला मी काय सांगणार होतो? की दर रविवारी तुमच्या ताटाशेजारी बसून मी साखर मोजत होतो?

एका रविवारी सांगायचंच असं ठरवून गेलो. दाजी घरामागच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसले होते. मला बघताच घाईनं काहीतरी बंद केलं आणि सारंगीवरचं एक नवीन आलंय म्हणून ते लावलं. ते संपलं की त्यांनी दुसरं लावलं. तिसऱ्याच्या आधी मी त्यांचा हात धरला.

"दाजी, आनंद गोदामात नाही."

त्यांनी आधी स्वयंपाकघराकडे बघितलं. "हळू बोला. तुमाला कधीपासून म्हाईत हाय?"

"पहिल्यापासून."

"मलाबी," दाजी म्हणाले. "पोरगं म्हणलं, मामाला सांगू नका, मामाला बीपी हाय."

मला त्या क्षणी इतका राग आला, की मी भलतंच विचारलं. "मग ते उंदीर?"

"उंदीर मी घातले," दाजी ओशाळून म्हणाले. "साखर कुणी आणली?"

"साखर माझी."

आम्ही थोडं हसलोही असू. मग त्यांनी हेडफोन माझ्या कानावर ठेवला. पत्र्याच्या डब्यावर आणि ताटलीवर कुणीतरी ठेका धरला होता. मागे वारा, नुसता वारा. आणि आनंद ते गाणं म्हणत होता. मध्येच कुणीतरी हसलं, कुणीतरी लांबून हाक मारली आणि गाणं अर्ध्यात तुटलं.

फोन बंद होण्याच्या आधी त्यानं हे पाठवलं होतं. एवढी गाणी जगाला ऐकवणाऱ्या माणसानं हे एक कुणालाच ऐकवलं नव्हतं. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "कुणाला ऐकवू प्रकाशराव? गोदामात एवढा वारा कुठून आणू?"

ते शर्टाच्या टोकानं हेडफोन पुसत बसले. मग म्हणाले, तुमच्या आक्काला मात्र न्हाई सांगायचं.

"माझ्याच्यानं आता होत नाही दाजी," मी म्हणालो. "तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगतो."

ते मोबाइल घेऊन उठले. मीही मागोमाग गेलो. आक्का भाकरी थापत होती. दाजींनी तोंड उघडलं, पण एक शब्द येईना. शेवटी त्यांनी तिच्या पदरावरूनच हेडफोन कानाला लावला. तिचे हात पिठानं भरलेले, तिला काढताही येईना. वायर आखूड होती, म्हणून दाजी मोबाइल धरून तिच्याजवळ वाकून उभे राहिले.

तिचा हात परातीत थांबला. कानाला हेडफोन असलेला माणूस बोलतो तशी ती मोठ्यानं बोलली.

"गोदामात न्हाई त्यो. लई थंडी हाय तिथं. नाक वाहून राहिलं लेकराचं."

दाजींनी मान हलवली.

"कवाचं म्हाईत हाय तुमाला?" तिनं विचारलं. तिनं आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघितलं, आणि मला वाटलं आता ती हातातलं पीठ आमच्या तोंडावर फेकणार.

"पुन्यांदा लावा," ती म्हणाली.

दाजींनी पुन्हा लावलं. मग आणखी एकदा. पिठाच्या डब्यावरचा मोबाइल गप्पच होता. तव्यावरची भाकरी करपायला लागली, ती मी उलटली. दाजी तसेच वाकून उभे होते.